लाडबोरीची रिंग आणि आपला अक्षांश

२०२२चा गुढीपाडवा शनिवारी, २ एप्रिलला आला होता. अंधार पडल्यावर, पावणेआठच्या सुमारास, विदर्भ, खानदेश आणि लगतच्या मध्य प्रदेशातल्या लोकांना आकाशात जळत्या ठिणग्यांची एक रांग सरकताना दिसली. उल्का दिसते न दिसते तोच विझते. ही रांग मात्र सावकाश, आकाशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. कुणी उल्कावर्षाव म्हटलं, कुणी क्षेपणास्त्र, कुणाला वाटलं विमानच पेटलं. त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाची आणि चाळीसेक किलो वजनाची धातूची रिंग येऊन पडली. त्याच तालुक्यात पवनपारजवळ धातूचा एक गोळा सापडला, आणि पुढच्या काही दिवसांत आणखी काही गोळे. कुणालाही इजा झाली नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन अवशेष तपासून गेले. जगभरातल्या रॉकेटांचा आणि उपग्रहांचा जमाखर्च ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की हा चीनच्या चांग झेंग ३बी या रॉकेटाचा तिसरा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच असतो.

लाडबोरी ठाण्यापासून सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटरवर आहे. रेल्वेने जायचं तर एक अख्खी रात्र. वातावरणात शिरणारा रॉकेटाचा टप्पा सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर वेगाने येतो. त्याच्या लेखी हे अंतर दीड मिनिटाचं आहे. त्या संध्याकाळी त्याचा मार्ग ठाण्यावरून नव्हता हे खरं. पण तो मार्ग कुणी ठरवलेला नव्हता, हेही तितकंच खरं. चौदा महिने हा रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरत होता, दर फेरीत पृथ्वीच्या जवळून जाताना विरळ हवेला घासत होता, आणि कक्षा आवळत आवळत एका फेरीत खाली आला. असा टप्पा नेमका कुठे पडेल हे शेवटच्या तासापर्यंतही खात्रीने सांगता येत नाही, कारण एका मिनिटाच्या चुकीने जागा साडेचारशे किलोमीटर सरकते. चंद्रपूर जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला दोनशेहून कमी माणसं राहतात आणि बराच भाग जंगलाचा आहे. त्याच जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती, आणि पालघर वेगळा होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. डोंबिवली पूर्वेला चाळीस किलोची रिंग पडायला मोकळी जागा शोधावी लागेल.

अवकाशाच्या शांततामय वापराबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक वर बघून लिहिलं जातं: चंद्रावर मालकी कुणाची, अवकाशात शस्त्रं ठेवावीत का, मंगळावर कुणाचा झेंडा. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण ठाण्या-कल्याणच्या वाचकाचा अवकाश कायद्याशी पहिला संबंध यायचा असेल तर तो चंद्रामुळे नव्हे, गच्चीवर काही पडल्यामुळे येईल. आणि त्या बाजूने पाहिलं की या कायद्याचं एक चमत्कारिक रूप दिसतं. नुकसान झाल्यावर हा कायदा फार कडक आहे. नुकसान होण्यापूर्वी तो जवळजवळ गप्प आहे. माझं म्हणणं असं की ही शांतता आपल्यासारख्या अक्षांशांवर राहणाऱ्यांना सगळ्यांत महाग पडते, आणि ती मोडण्याची मागणी भारताने करायला हवी, अगदी ती मागणी स्वतःच्याच गळ्यात पडणार असली तरी.

आधी साधा प्रश्न: ती रिंग कुणाची? डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या भंगारवाल्याला विचारलं तर तो वजन करून भाव सांगेल. कायद्याचं उत्तर वेगळं आहे. १९६७च्या बाह्य अवकाश कराराचं आठवं कलम म्हणतं की अवकाशात सोडलेली वस्तू, ती अवकाशात असो, एखाद्या खगोलीय पिंडावर असो किंवा पृथ्वीवर परतलेली असो, तिची मालकी बदलत नाही. म्हणजे लाडबोरीच्या मातीत रुतलेली रिंग भारताची होत नाही, ज्याच्या शेतात पडली त्याची होत नाही, आणि ज्याला सापडली त्याचीही होत नाही. १९६८च्या बचाव करारानुसार ज्या देशात अशी वस्तू सापडते त्याने सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं असतं. सोडणाऱ्या देशाने मागितली तर वस्तू परत करायची, आणि शोधण्या-परत करण्याचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. वस्तू घातक वाटली तर तिचा धोका निवारण्याची जबाबदारीही त्याचीच. हे शेवटचं कलम गावकऱ्यांच्या कामाचं आहे. अशा गोळ्यांमध्ये दाबाखालचा वायू भरलेला असतो, काही टाक्यांमध्ये विषारी इंधनाचे अंश उरू शकतात. सापडलेली वस्तू हाताळू नये, लांब उभं राहून पोलिसांना कळवावं, हा सल्ला म्हणूनच दिला जातो. गोळेच का शाबूत राहतात, याचंही कारण सोपं आहे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, टायटॅनियमला त्यासाठी जवळजवळ १,६७० अंश लागतात. रॉकेटाचं ॲल्युमिनियमचं अंग जळून जातं, पोटातल्या टायटॅनियमच्या टाक्या खाली पोचतात.

आता भरपाईचं. १९७२चा दायित्व करार हा अवकाश कायद्यातला सगळ्यांत धारदार दस्तऐवज आहे, आणि डोंबिवलीकरांना तो समजायला सगळ्यांत सोपा जाईल. २६ मे २०१६ला एमआयडीसीच्या फेज दोनमधल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, बारा जणांचा जीव गेला, लांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ला तोच परिसर पुन्हा हादरला. अशा वेळी ज्याच्या घराची भिंत पडली त्याने कारखान्यात नेमकी कुठली झडप निकामी होती हे सिद्ध करत बसावं का? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर डिसेंबर १९८६ मध्ये, दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात देऊन ठेवलं आहे. घातक उद्योग चालवणाऱ्याने काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्नच विचारायचा नाही. नुकसान झालं की भरपाई. हेच तत्त्व दायित्व कराराच्या दुसऱ्या कलमात त्याआधी चौदा वर्षं लिहिलेलं आहे. अवकाशातली वस्तू जमिनीवर किंवा उडत्या विमानावर पडून नुकसान झालं तर सोडणारा देश चूक असो वा नसो जबाबदार. चूक शोधायची ती फक्त दोन उपग्रह अवकाशातच एकमेकांवर आदळले तर. आणि रॉकेट खासगी कंपनीचं असलं तरी देशाची सुटका नाही, कारण १९६७च्या कराराचं सहावं कलम खासगी उड्डाणांची जबाबदारीही सरकारवरच टाकतं. भारत १९७९ मध्ये या दायित्व करारात सामील झाला. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाशातली प्रयोगशाळा कोसळणार म्हणून देशभर घबराट पसरली होती, आणि ती शेवटी पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. चीन १९८८ मध्ये सामील झाला. लाडबोरीच्या प्रकरणात कराराबाहेरचं असं कुणीच नव्हतं.

तरी तिथे करार वापरावा लागला नाही, कारण नुकसानच झालं नाही. इथे डोंबिवलीचं उदाहरण आणखी एक पाऊल पुढे नेतं. प्रत्येक स्फोटानंतर तिथे दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आहेत. एक: भरपाई किती आणि कधी? दुसरा: हा कारखाना लोकवस्तीला इतका खेटून का? स्थलांतर, बफर झोन, धोकादायक कारखान्यांचं सर्वेक्षण हे सगळे शब्द दुसऱ्या प्रश्नातून आले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कितीही चांगलं असलं तरी दुसरा सुटत नाही, हे फेज दोनच्या शेजारी राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अवकाश कायद्यात पहिल्या प्रश्नाला कलमं आहेत. दुसऱ्याला मार्गदर्शक तत्त्वं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीने २००७ मध्ये कचरा कमी करण्याची तत्त्वं मान्य केली. ती स्वेच्छेची आहेत. अमेरिकेच्या सरकारी नियमांत एका मोहिमेमुळे जमिनीवर कुणी दगावण्याची किंवा जखमी होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी ठेवावी असा दंडक आहे; तो अमेरिकेचा दंडक आहे, जगाचा नव्हे, आणि त्यालाही सूट दिली गेली आहे. वापरलेला टप्पा नियंत्रणाखाली, समुद्राच्या निर्मनुष्य भागात उतरवलाच पाहिजे, असं कुठलाही आंतरराष्ट्रीय करार म्हणत नाही.

हे न म्हणणं सगळ्यांना सारखं भोवत असतं तर गोष्ट वेगळी होती. पण इथे भूगोल आडवा येतो. रॉकेट ज्या अक्षांशावरून थेट पूर्वेला सोडतात, साधारण तेवढ्याच अक्षांशांच्या पट्ट्यात त्याची कक्षा विषुववृत्ताच्या वर-खाली हेलकावे घेते. चांग झेंग ३बी जिथून उडतं ते सिचुआनमधलं शीचांग केंद्र २८ अंश उत्तरेला आहे. म्हणजे तिथून दूरसंचार उपग्रह नेणाऱ्या रॉकेटाचा टप्पा पडला तर तो साधारण २८ उत्तर ते २८ दक्षिण या पट्ट्यातच पडणार. बीजिंग, मॉस्को, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क या पट्ट्यात नाहीत. दिल्ली काठावर, जेमतेम बाहेर. आत कोण आहे? मुंबई, ठाणे, नागपूर, चेन्नई, ढाका, लागोस, जकार्ता. न्यायाने हेही सांगायला हवं की चीनची दक्षिणेकडची शहरंही आत आहेत, आणि शीचांगहून उडणाऱ्या रॉकेटांचे पहिले टप्पे चीनच्याच खेड्यांवर पडत आले आहेत. म्हणजे हा हिशेब निव्वळ देशांचा नाही, राजधानी आणि खेडं यांचाही आहे. २०२२ मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात मायकेल बायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस वर्षांच्या नोंदींवरून मांडलेला अंदाज असा: आजची पद्धत चालू राहिली तर येत्या दहा वर्षांत टप्प्यांच्या अनियंत्रित पडण्याने एक किंवा अधिक माणसं दगावण्याची किंवा जखमी होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के. आणि जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर टप्पा पडण्याची शक्यता न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्को यांच्या अक्षांशांपेक्षा सुमारे तिप्पट. १९६७चा करार म्हणतो, अवकाशाचं संशोधन सर्व देशांच्या हितासाठी, त्यांची आर्थिक आणि वैज्ञानिक प्रगती कितीही असो. हिताच्या वाटणीबद्दल वाद घालता येईल. धोक्याची वाटणी मात्र अक्षांशावर मोजता येते.

पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो मला अप्रामाणिक वाटत नाही. दहा वर्षांत, साऱ्या पृथ्वीवर, दहा टक्के! मध्य रेल्वेच्या लोकलमधून पडून, रूळ ओलांडताना, किंवा पावसाळ्यात उघड्या गटारात वाहून जाऊन जितकी माणसं मरतात त्यापुढे ही भीती म्हणजे चैनच नव्हे का? एका माणसापुरतं पाहिलं तर हो. ठाण्याच्या कुठल्याही एका रहिवाशाच्या डोक्यावर रॉकेट पडण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे, आणि ती मनात धरून कुणी छत्री घेऊन फिरू नये. पण कायदा एका माणसाच्या शक्यतेवर चालत नाही. लोकलमध्ये लटकणाऱ्याचा धोका त्याच्या रोजच्या कमाईशी बांधलेला असतो, म्हणून तर तो लटकतो. लाडबोरीच्या शेतकऱ्याला त्या चिनी उपग्रहाचा काडीचा उपयोग नव्हता. लाभ एकाचा आणि धोका दुसऱ्याचा असेल तर तो धोका लहान असला तरी तो टाळता येत होता का, हे विचारण्याचा हक्क दुसऱ्याला मिळतो. शिवाय संख्या वाढते आहे. २०२४ मध्ये जगात अडीचशेहून जास्त वेळा रॉकेटांनी कक्षेकडे झेप घेण्याचा प्रयत्न केला. दर मोहिमेला दहा हजारांत एक हा दंडक मोहिमा दहा होत्या तेव्हा जे सांगत होता, ते अडीचशे झाल्यावर सांगत नाही. आणि माणूस न मरताही नुकसान होतं: नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्याच चांग झेंग ५बीचा मोठा टप्पा खाली येणार म्हणून स्पेनने आपल्या हवाई क्षेत्राचा काही भाग थोडा वेळ बंद ठेवला होता. तशी वेळ मुंबईच्या विमानतळावर, सणाच्या संध्याकाळी आली तर खर्च कुणी द्यायचा? दायित्व करारातली ‘नुकसान’ची व्याख्या जीव, शरीर, आरोग्य आणि मालमत्ता यांच्याबद्दल बोलते. विमानं थांबल्याचा तोटा तीत बसतो की नाही यावर वकिलांचं एकमत होणं कठीण.

‘टाळता येत होता का’ या प्रश्नात सगळं अडकलेलं आहे, म्हणून त्याच्याशी थोडं थांबायला हवं. उपग्रह सोडून दिल्यावर टप्प्याचं इंजिन पुन्हा पेटवून त्याला उलटा धक्का दिला तर तो ठरल्या वेळी, ठरल्या समुद्रात पडू शकतो. त्यासाठी थोडं इंधन राखावं लागतं, इंजिन पुन्हा पेटणारं लागतं, आणि बॅटऱ्या, दिशादर्शक यंत्रणा काही तास जिवंत ठेवावी लागते. राखलेलं प्रत्येक किलो इंधन म्हणजे उपग्रहाचं तेवढं वजन कमी. खर्च खरा आहे, बनावट नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेतून टप्पे असे उतरवणं आज अनेकांना जमतं. दूरसंचार उपग्रहांच्या लांबट कक्षेत गोष्ट अवघड होते, पण तिचीही एक सवलत आहे: कक्षेच्या लांबच्या टोकाला, छत्तीसेक हजार किलोमीटरवर, अगदी हलका धक्काही टप्प्याचं जवळचं टोक खाली वातावरणात ढकलू शकतो. अडचण धक्क्याची नाही, तिथे पोचेपर्यंतचे पाच-सहा तास टप्पा जागा ठेवण्याची आहे. हेही हमखास नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये फाल्कन ९ रॉकेटाचा टप्पा उतरवताना बिघाड झाला आणि त्याचे तुकडे पोलंडमध्ये पोझनान शहराच्या आसपास पडले. पण प्रयत्न करून फसणं आणि प्रयत्नच न करणं यांत फरक आहे, आणि जो आज तो फरक करत नाही तो कायदाच आहे: दोघांनाही भरपाईचं एकच कलम.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, कारण तो आपल्याकडेच बोट दाखवतो. भारताने असा नियम मागायचा तर आधी स्वतःच्या अंगणात पाहावं. पाहू या. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुरियन बेजवळ ग्रीन हेडच्या किनाऱ्यावर माणसाहून उंच असा एक धातूचा घुमटाकार तुकडा वाहत आला, शिंपल्यांनी माखलेला. ३१ जुलैला ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने जाहीर केलं की तो बहुधा भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटाच्या तिसऱ्या टप्प्याचा आहे, आणि पुढची पावलं संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश करारांनुसार ठरवली जातील. इस्रोने तो आपला असल्याचं मान्य केलं. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला, चंद्रयान-३ ज्या एलव्हीएम३ रॉकेटाने नेलं त्याचा क्रायोजेनिक टप्पा अनियंत्रितपणे वातावरणात परतला. इस्रोच्या अंदाजानुसार तो उत्तर प्रशांत महासागरावर. त्यातलं उरलंसुरलं इंधन आधीच काढून टाकलं होतं, नोंदी जाहीर केल्या होत्या. नियमाने जे करायला सांगितलं होतं ते केलं होतं. पण त्याची कक्षा साधारण २१ अंशांची होती. ठाणे १९.२ अंशांवर आहे. शीचांगच्या रॉकेटांपेक्षा अशा कक्षेच्या पट्ट्यात आपण जास्त नेमके येतो, आणि दिल्ली तर मुळीच येत नाही. आपल्या अभिमानाच्या मोहिमेबद्दल हे लिहिताना कुणाला राग आला तर येऊ द्यावा. मार्च २०१९ची उपग्रहभेदी क्षेपणास्त्राची चाचणीही याच वहीत लिहावी लागते: तिने केलेला बहुतेक कचरा खालच्या कक्षेतला होता आणि तो पुढे जळून गेला, पण तो केला आपणच.

तरीही या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे भारताने गप्प बसावं, मला चुकीचा वाटतो. उलट दोन्ही बाजूंना पाय असलेल्या देशाचं म्हणणं जास्त वजनदार असतं. ते तक्रारखोराचं वाटत नाही. आणि हातात दाखवायला काही आहे. ७ मार्च २०२३ला इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स-१ हा जुना उपग्रह प्रशांत महासागरावर नियंत्रणाखाली उतरवला, आणि तो अशा उतरण्यासाठी बनवलेलाही नव्हता. मार्च २०२४ मध्ये पीएसएलव्हीचा चौथा टप्पा, ज्यावर ‘पोएम-३’ नावाने प्रयोग चालू होते, खालच्या कक्षेत आणून समुद्रावर परतू दिला गेला. २०३० पर्यंत भारताच्या सरकारी आणि खासगी सगळ्या मोहिमा कचरामुक्त करण्याचं उद्दिष्ट इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केलं. इथे आपला परिसरही गोष्टीत आहे. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन गोदरेजच्या विक्रोळीतल्या कारखान्यात तयार होतं, ठाण्याहून मुंबईकडे पाच स्थानकांवर. त्याच लोकलच्या डब्यात इंजिनाचे भाग घडवणारे आणि आकाशाखाली राहणारे एकत्रच उभे असतात. मग नियम कडक झाला तर उद्योग बुडेल, ही भीती? मोटारीला सीटबेल्ट लावायला सांगितल्याने मोटारींचे कारखाने बंद पडले नाहीत, पण नियम सगळ्यांना एकदम लागू झाला म्हणून पडले नाहीत. एकट्या इस्रोने इंधन राखलं तर इस्रोचं रॉकेट महागणार. सगळ्यांनी राखलं तर कुणाचंच तुलनेने महागणार नाही. म्हणूनच हा प्रश्न राष्ट्रीय सद्गुणाचा नाही, कराराचा आहे.

तिसरा आक्षेप प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतो: आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे कागद, बलाढ्य देश त्याला कधी जुमानणार? उत्तरासाठी कॅनडाकडे जावं लागतं. २४ जानेवारी १९७८ला सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह वायव्य कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटरवर विखुरले. कॅनडाने ते शोधून उचलले आणि साठ लाख कॅनडियन डॉलरहून थोडी जास्त रक्कम मागितली. शीतयुद्धाच्या ऐन मध्यात, समोर अणुमहासत्ता. पैसे मिळाले: तीस लाख, निम्मे, आणि कराराखाली आपली जबाबदारी आहे असा शब्दही न उच्चारता. त्या तडजोडीवर मॉस्कोत सही झाली ती तारीख २ एप्रिल १९८१. लाडबोरीच्या बरोबर एकेचाळीस वर्षं आधी, निव्वळ योगायोगाने. या प्रकरणाकडे पाहून अर्धा पेला रिकामा म्हणणारे चुकीचे नाहीत. दायित्व करारात वाद सुटला नाही तर दावा आयोग नेमता येतो, पण दोन्ही देशांनी आधी मान्य केलं नसेल तर त्याचा निकाल शिफारसच राहतो. पण कागद निरुपयोगी असता तर मॉस्कोने निम्मेही दिले नसते. आणि ग्रीन हेडच्या वेळी दोन देशांनी ना आरडाओरड केली ना नकार दिला. नोंदवही उघडली, वस्तू ओळखली, पत्रव्यवहार केला. कायदा चालतो तेव्हा तो असाच, बातमी न होता चालतो.

मग नेमकं काय मागायचं? नवा भव्य करार नको. तो होणारही नाही, १९७९च्या चंद्र करारापासून संयुक्त राष्ट्रांच्या समितीत अवकाशावर एकही नवा बंधनकारक करार झालेला नाही. मागायचं आहे ते एकच: ठरावीक वजनावरच्या प्रत्येक टप्प्याची उतरण्याची योजना उड्डाणापूर्वी जाहीर व्हावी, आणि ती नसल्यास, नुकसान होवो न होवो, लोकांना धोक्यात घातल्याबद्दलच देशाला उत्तर द्यावं लागावं. १९६७च्या कराराचं नववं कलम इतरांच्या हितसंबंधांची योग्य ती दखल घ्यायला सांगतं; या मागणीला पाय ठेवायला तेवढी जागा पुरे. घरात मात्र कायदा हवाच. अवकाश व्यवहारांच्या विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये निघाला, तो कायदा झाला नाही. २०२० मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडणारी इन-स्पेस संस्था आली, एप्रिल २०२३ मध्ये अवकाश धोरण आलं. धोरणाने कंपनीला परवाना मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उद्या एखाद्या भारतीय खासगी रॉकेटाने कुणाचं घर मोडलं तर पैसे भारत सरकारला द्यावे लागतील; ते सरकारने त्या कंपनीकडून किती, कुठल्या विम्यातून वसूल करायचे हे सांगायला संसदेचा कायदा लागतो.

आणि उलट बाजूने, उद्या कल्याण पश्चिमेच्या एखाद्या चाळीच्या पत्र्यावर परक्या देशाची टाकी पडली तर? दायित्व कराराखाली चाळीतला भाडेकरू स्वतः दावा करू शकत नाही. तो रॉकेट सोडणाऱ्या देशाच्या न्यायालयात जाऊ शकतो, परवडलं तर. नाहीतर त्याचा दावा भारत सरकारनेच, परराष्ट्र खात्यामार्फत, त्या देशापुढे मांडावा लागतो, आणि तोही नुकसानाच्या किंवा जबाबदार देश ओळखल्याच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत. तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी, मंत्रालय, दिल्ली, आणि मग दूतावास. गारपीट, पूर आणि वीज पडणं यांच्या पंचनाम्यांची सवय महसूल खात्याला आहे. धातूचा तुकडा कुठे होता, कोणत्या कोनात रुतला, त्यावर काय अक्षरं होती, कुणी हात लावला, याची छायाचित्रांसह नोंद पहिल्या दिवशी झाली नाही, तर वर्षभराने तो तुकडा कुठल्या देशाचा हे सिद्ध करणारा कागदच उरणार नाही. लाडबोरीत ती रिंग पडली तेव्हा तिच्यापाशी पहिल्यांदा पोचले ते गावकरीच होते, आणि गुढीपाडव्याच्या संध्याकाळी त्यांनी पोलिसांना कळवलं.